मोशान आजोबांचं नाणं काळं पडलं

"शितौ, डोकं बाजूला घे. काचेत नाण्याऐवजी तूच दिसतोयस," काइवेन म्हणाला.

"मग छानच की. नाण्याच्या एका बाजूला मोशान आजोबा, दुसऱ्या बाजूला मी."

काइवेनने त्याला कोपराने ढकललं आणि फोन पुन्हा काचेच्या कपाटाशी नेला. तो छांगशाहून सुट्टीला आला होता, आणि शहरातून येणाऱ्या सगळ्या भावंडांप्रमाणे लिउशीत पाऊल ठेवल्यापासून गावाला काहीतरी शिकवायचं त्याने मनावर घेतलं होतं. यंदा त्याला चित्रफीत करायची होती. दोन दिवसांनी मोशान आजोबांचा जन्मदिवस होता, म्हणून विषय शोधायची गरजच पडली नाही.

थान मोशान म्हणजे लिउशीतले सगळ्यांत मोठे गृहस्थ. ते वारले त्याला कित्येक शतकं झाली, पण गावात त्यांच्याबद्दल असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आत्ताच समोरून गेले. त्यांनी उतारवयात ठक आणि कोतवालांची एक जाडजूड कादंबरी लिहिली. ती पुरी वाचलेली माणसं गावात मोजकीच, पण तिच्यातला शिक्क्याचा प्रसंग बोबड्या पोरांनाही पाठ आहे. ठक मिठाईवाला बनून कचेरीत शिरतो आणि भर दरबारात न्यायाधीशाचा सोन्याचा शिक्का उचलून तिथे मातीचा ठेवतो. सरकारने मोशान आजोबांच्या गौरवार्थ चांदीचं नाणं काढलं, तेव्हा त्याच्या एका बाजूला त्यांचा दाढीवाला चेहरा होता आणि दुसऱ्या बाजूला हाच प्रसंग. भावकीने त्यातलं एक पारदर्शक गोल डबीसकट आणून पूर्वजघरातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. गावात बहुतेक सगळी घरं थानांचीच, त्यामुळे प्रत्येकाला ते स्वतःच्या घरातलं वाटायचं.

शियाओमान झाडू घेऊन मागे उभी होती. ती बारा वर्षांची, तिघांत मोठी, त्यामुळे झाडायचं काम आपोआप तिच्याकडे आलं होतं. कपाटावर ऊन लागू नये म्हणून वर्षभर लाल कापड असायचं. ते आत्ताच तिने काढलं होतं.

"अरे, हे असं का दिसतंय?" ती म्हणाली.

तिघांनी कपाळं काचेला टेकवली. नाणं वांग्यासारखं निळंकाळं झालं होतं. मोशान आजोबांची दाढी तर अशी दिसत होती की चुलीत फुंकर मारायला गेले असावेत.

शितौने धावत जाऊन मेई काकांना बोलावलं. मेई काका पूर्वजघर उघडायचे, झाडायचे, उदबत्त्या लावायचे, संध्याकाळी बंद करायचे. ते लिउशीचे नव्हते. फार वर्षांपूर्वी थानांच्या एका घरात घरजावई म्हणून आले, पुढे बायको गेली, सासरची माणसं गेली, आणि ते इथेच राहिले. त्यांच्या खिशात नेहमी भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया असत आणि पहिली मूठ शियाओमानची असे. त्या दिवशीही ते मूठ बंद करूनच येत होते. कपाटापाशी आले आणि तसेच थांबले.

"आजोबांना बोलाव," ते शियाओमानला एवढंच म्हणाले.

शियाओमानचे आजोबा भावकीतले थोरले. ते आले, त्यांच्यामागे अर्धं गाव आलं आणि अर्ध्या गावामागे निए साहेब आले. निए साहेब तालुक्याला नाण्यांचा व्यापार करत. सोहळ्याचे पाहुणे म्हणून ते लवकरच येऊन राहिले होते आणि येताना भूकही घेऊन आले होते. त्यांनी कपाट उघडायला सांगितलं नाही, नाणं हातात घेतलं नाही, खिशातला चष्मासुद्धा काढला नाही. काचेतूनच पाहून म्हणाले, "नकली आहे. सरकारी टांकसाळीची चांदी बंद डबीत काळी पडत नसते. कोणीतरी बदललंय."

बदललंय! हा शब्द लिउशीत पडायचाच अवकाश होता. शिक्क्याची अदलाबदल ऐकत मोठं झालेलं गाव ते. दाराबाहेरच्या म्हाताऱ्यालाही लगेच कळलं की मातीचा शिक्का ठेवून सोन्याचा नेला. दुसरं काही झालं असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आजोबा मात्र कपाटाकडे बघत गप्प उभे होते. ते दुःखाने गप्प आहेत असं सगळ्यांना वाटलं.

गर्दी पांगल्यावर काइवेनने फोन शियाओमानसमोर धरला. "तपास सुरू. आपल्यासोबत आहे आपली साक्षीदार. सांगा बाई, कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"दोनच आहेत. एक मेई काकांकडे, एक आमच्या आजोबांकडे."

"आणि परवा मेई काका बसने तालुक्याला गेले होते," शितौ मध्येच म्हणाला. "हातात मोठी पिशवी होती. मी पाहिली."

"मग संशय कोणावर घ्यायचा?" काइवेनने विचारलं.

कॅमेरा चालू असला की माणसाला हुशार दिसावंसं वाटतं. शियाओमान हसून म्हणाली, "आजोबांवर कसा घेणार? ते थान आहेत. मेई काका थान थोडेच आहेत!"

तेवढ्यात तिचं लक्ष उंबरठ्याकडे गेलं. मेई काका तिथे उभे होते. त्यांनी बंद मूठ खिशात नेली, बिया परत आत सोडल्या आणि ते उदबत्त्यांची राख काढायला निघून गेले.

ती चित्रफीत काइवेनने भावकीच्या फोनगटावर टाकली. त्या गटात शेनझेनच्या कारखान्यांत असलेले थान होते, परदेशात हॉटेल काढलेले थान होते, आणि ज्यांनी लिउशी कधी पाहिलंही नाही असे थान होते. सगळ्यांना मत होतं. बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ली दिलीच कशी, असं एकाने लिहिलं आणि मग त्याचीच री ओढली गेली. रस्त्यातल्या काकूंनी मुलांना बोलावून कलिंगड खाऊ घातलं, पोरं किती हुशार म्हणून पाठ थोपटली. शितौने तीन फोडी खाल्ल्या. शियाओमानच्या हातातल्या फोडीचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं, तरी तिने ती तोंडाला लावली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेई काकांनी किल्ली आजोबांसमोर टेबलावर ठेवली. चोरीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणाले, उद्याच्या सोहळ्याची तयारी करून ठेवलीय, उद्या दुपारच्या बसने मी माझ्या गावाला जाईन. आजोबांनी किल्लीकडे पाहिलं, मेई काकांकडे नाही.

"पळतोय म्हणजे चोरच," काइवेन म्हणाला. पण त्याचा आवाज कालच्यासारखा नव्हता.

तिघं पूर्वजघरात गेले. आत गार वारा लागला म्हणून शितौने वळून पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. कोपऱ्यातला जुना उभा पंखा फिरत होता. सगळा उन्हाळा तो बंद पडलेला होता.

"पिशवीतून हा दुरुस्तीला नेला होता त्यांनी," शितौ म्हणाला. "पिशवीच्या तोंडातून एक पातं बाहेर आलं होतं. मला तेव्हा वाटलं, असेल काहीतरी."

"हे काल का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालास, साक्षीदाराने थोडक्यात बोलायचं."

काइवेनने खिशातून फोन काढला, चित्रफीत पुसायला घेतली आणि थांबला. ती त्याच्या फोनातून गेली असती, बाकीच्या शेकडो फोनांतून नाही.  पंखा दिसला म्हणून चोरी झालीच नाही असं सिद्ध होत नव्हतं, हे शियाओमानला कळत होतं. पण ती जे बोलली होती, त्याचा चोरीशी संबंधच नव्हता. तिला फक्त आपल्या आजोबांना वर ठेवायचं होतं, आणि त्यासाठी तिने तिला रोज बिया देणाऱ्या माणसाला खाली ढकललं होतं.

घरी आली तर दौदौ रडत होता. दौदौ तिचा धाकटा भाऊ, जेमतेम चालायला लागलेला. गेल्या आठवड्यात त्याला ताप येऊन गेला होता, आज पुन्हा अंग कोमट होतं. आजीने अंडं उकडायला टाकलंच होतं. लिउशीत मुलाला ताप आला की डॉक्टरकडे नेतातच, पण आधी अंडं फिरवतात. उकडलेल्या अंड्यातला बलक काढायचा, पांढऱ्यात चांदी ठेवायची, सगळं रुमालात गुंडाळून गरमगरम कपाळावरून, पाठीवरून फिरवायचं. ताप चांदीत उतरतो आणि चांदी काळी होते, असं आजीचं म्हणणं. यावर आजीशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

"माझं चांदीचं नाणं आण गं," आजी चुलीपासून म्हणाली. "शिवणाच्या डब्यात बघ. जुनं, माहेरचं."

शियाओमानने डबा उघडला. दोऱ्यांच्या रिळांखाली ते नाणं होतं, पांढरंस्वच्छ. ते हातात घेऊन ती तिथेच बसली.

"आजी, गेल्या आठवड्यानंतर तू हे घासलंस?"

"मला कुठला वेळ? तसंच परत ठेवून दिलं. मागच्या वेळी केवढा ताप उतरला होता पाहिलंस ना, निळंशार झालं होतं."

पाहिलं होतं. शियाओमाननेच तर दौदौच्या कपाळावरून रुमाल फिरवला होता, कारण आजीचा खांदा दुखत होता. शेवटी आजीने रुमाल सोडून दाखवला होता आणि आतली चकती निळीकाळी दिसली होती. एक क्षण पाहून शियाओमान शितौच्या हाकेसरशी बाहेर पळाली होती. आणि काल तोच रंग काचेआड दिसला, तर तिच्या डोक्यात काय आलं? ठक, मिठाईवाला आणि मातीचा शिक्का.

"आजी," तिने हळूच विचारलं, "त्या दिवशी नाणं कुठून घेतलं होतंस?"

"डब्यात चटकन सापडेना, म्हणून आजोबांच्या कोटाच्या खिशातून. हे झोपले होते, कोट खुंटीला होता. दळभद्र्याने माझं नाणं कशाला उचललं म्हटलं. गोल डबीत घालून ठेवलं होतं, काय ती हौस! झालं की परत डबीत, परत खिशात. आणि तू अशी भूत पाहिल्यासारखी का बसलीयस? आण इकडे."

आजीची नजर अधू होती. गोल, चांदीचं आणि नवऱ्याच्या खिशात, एवढं तिला पुरलं होतं.

शियाओमानने नाणं दिलं. रुमालही फिरवला. दौदौ शांत झोपला.  कपाटातलं नाणं कुणीच बदललं नव्हतं. ते खरंच होतं, आणि ते काळं करणारा हात तिचा होता.

संध्याकाळी आजोबा अंगणात वेताच्या खुर्चीवर बसले होते. मुगाच्या सूपचा वाडगा तसाच होता. शियाओमान त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

"आजोबा, मोशान आजोबांचं नाणं कधी आपल्या घरी आलं होतं का?"

हातातला पंखा थांबला. "पूर्वजघराची वस्तू उंबरठ्याबाहेर जात नाही," आजोबा म्हणाले. "हा नियम मीच केलाय."

हे उत्तर नव्हतं, आणि ते उत्तर नाही हे दोघांनाही कळलं. आजोबांनी पंखा पुन्हा हलवायला सुरुवात केली, पण नातीकडे पाहिलं नाही. सकाळी किल्लीकडे पाहत होते, तसेच ते आता सूपच्या वाडग्याकडे पाहत होते. शियाओमानला पुढचं बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण आजोबांना सगळ्या भावकीसमोर मान खाली घालावी लागेल या विचाराने तिने ते गिळलं. ती उठून आत गेली आणि स्वतःचाच तिला राग आला. काल बोलायला नको होतं तेव्हा पटकन बोलली होती. आता बोलायला हवं तर तोंडाला कुलूप.

सकाळी तिने दोघांना नदीकाठी बोलावून सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

"म्हणजे चोरच नाही?" काइवेन जरा हिरमुसला. लगेच लाजला. "म्हणजे... बरंच झालं."

"लोक मानतील?" शितौ म्हणाला. "निए साहेब म्हणणार, खरी चांदी काळी पडत नाही. मोठ्या माणसाने कोट घातला की लोक त्याचंच ऐकतात."

"मग त्यांच्याच चांदीने दाखवू," शियाओमान डोळे पुसत म्हणाली. "पण त्याआधी मेई काकांना थांबवायला हवं."

"ते माझ्यावर सोड," शितौ म्हणाला.

दुपारी पूर्वजघर माणसांनी भरलं होतं. दारावर लाल कंदील, टेबलावर धुरी दिलेल्या मांसाचे काप, फळं, दारूचे छोटे पेले. निए साहेब पुढच्या रांगेत बसून, दुसरं अस्सल नाणं मी मिळवून देतो, किमतीचं नंतर पाहू, असं सगळ्यांना समजावत होते. रस्त्यापलीकडे बसथांब्यावर मेई काका उभे होते आणि त्यांच्या ट्रंकेवर शितौ बसला होता. त्याला घरात शितौ म्हणजे दगड का म्हणतात, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. बस आली, चालकाने भोंगा वाजवला, मेई काकांनी विनवलं, दटावलं, ट्रंक ओढून पाहिली. शितौ हलला नाही. बस निघून गेली.

आत आजोबा भाषणाला उठणार, इतक्यात शियाओमान रुमालातलं अंडं घेऊन पुढे आली. अंडं इतकं गरम होतं की ती ते या हातातून त्या हातात घेत होती.

"निए साहेब, तुमची अंगठी चांदीची आहे?"

"चोख," निए साहेबांनी हात पुढे केला. "माझ्या अंगावर नकली काही नसतं."

"जरा देता? दौदौचा ताप उतरवायचाय."

पाहुण्याने लहान मुलाच्या तापासाठी नाही कसं म्हणावं? सगळ्या आज्या त्यांच्याकडे बघत होत्या. अंगठी रुमालात गेली. शियाओमानने दौदौच्या कपाळावरून, मानेवरून रुमाल फिरवला. दौदौला ताप नव्हता, पण गुदगुल्या झाल्या आणि तो खदखदून हसला. थोड्या वेळाने तिने रुमाल सोडला.

अंगठी निळीकाळी झाली होती.

"तुमच्या म्हणण्याप्रमाणे ही नकली झाली," काइवेन फोनच्या मागून म्हणाला.

निए साहेबांनी अंगठी झडप घालून घेतली, रुमाल ओढून घासली, आणि मग ज्याला दोन दिवस हात लावला नव्हता ते नाणं काढायला सांगितलं. आता चष्माही निघाला, खिशातला छोटा काटाही निघाला. वजन केलं, कड पाहिली, भिंगातून दाढी पाहिली. शेवटी ते खाली बघून म्हणाले, "खरंच आहे. तेच आहे."

सभेत कुजबुज उठली. आजी मागून म्हणाली, "अगं बाई, म्हणजे ते माझं नव्हतं!" आणि तोंडावर हात ठेवला. मग कुणीतरी तो प्रश्न विचारलाच: कपाटातलं नाणं तुमच्या घरच्या अंड्यात गेलं कसं?

शियाओमानने आजोबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्यांनीच पाहिलं असतं.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "मला माझं सांगता येईल. रुमाल मी फिरवला, नाणं मी काळं केलं. रंग मी पाहिला होता, तरी मला आठवला नाही. आणि मेई काका थान नाहीत, असं मी म्हणाले. ते तर मला कुणी विचारलंही नव्हतं. काल दुपारपासून मला खरं माहीत होतं, तरी मी रात्रभर गप्प बसले. मेई काका बसने गेले असते तर..." 

 मग खुर्ची करकरली. आजोबा उठून उभे राहिले.

"घरी मी नेलं," ते म्हणाले. "पलीकडच्या गावात माहजोंगच्या सोंगट्यांचा डाव बसतो. तिथल्या मंडळींपुढे मला मिरवायचं होतं. सगळ्यांनी हाताळलं. दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवायला काढलं तर काळं. मला वाटलं, त्यांच्यातल्याच कोणीतरी बदललं. तसंच ठेवून कापड टाकलं." त्यांनी घसा साफ केला. "मेईने चोरी केली नाही, हे या घरात सगळ्यांत आधी मला ठाऊक होतं. माझी अब्रू राहावी म्हणून मी त्याची जाऊ दिली. माझी नात रात्रभर गप्प बसली. मी दोन रात्री बसलो."

मेई काका दारात येऊन उभे होते. मागे शितौ ट्रंक डोक्यावर घेऊन. आजोबा त्यांच्यापर्यंत चालत गेले आणि सगळ्या भावकीसमोर कमरेत वाकले. इतक्या वयाचा माणूस वाकला की बघणाऱ्याला कुठे बघावं कळत नाही. मेई काकांनी त्यांना खांद्याला धरून उभं केलं, पण, जाऊ द्या, काही नाही, असलं काही ते म्हणाले नाहीत.

आजोबांनी दोन्ही किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या. "यापुढे दोन्ही तुझ्याकडे. मला पाहायचं असेल तर मी विचारून पाहीन." मग सभेकडे वळून म्हणाले, "आणि आजचं नाणं देव्हाऱ्यावर तोच ठेवेल. कुणाला काही म्हणायचंय?" दर जन्मदिवशी नाणं देव्हाऱ्यावर मांडायचं काम आजवर फक्त थानांनी केलं होतं. कुणालाच काही म्हणायचं नव्हतं.

ठेवण्याआधी काइवेनने अंड्यातल्या गंधकाने काळी पडलेली चांदी उजळवायचा, शाळेत शिकलेला प्रयोग केला. वाडग्यात अॅल्युमिनियमचा चकचकीत कागद, त्यावर नाणं, गरम पाणी आणि खायचा सोडा. पाण्याला कुजलेल्या अंड्याचा वास सुटला, लोकांनी नाकं धरली आणि मोशान आजोबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मागच्या बाजूला ठकाच्या बाहीत थोडा निळा डाग राहिला. काइवेन पुन्हा सोडा टाकणार होता. मेई काका म्हणाले, "राहू दे तेवढा." आणि नाणं पुसून त्यांनी देव्हाऱ्यावर ठेवलं.

मग कौतुक सुरू झालं. तपास करावा तर या पोरांनी, असं जो तो म्हणू लागला. सर्वांत वयोवृद्ध काकूंनी तिघांच्या हातात खाऊच्या पैशांची लाल पाकिटं कोंबली. परवा ज्यांनी फोनगटावर बाहेरचा माणूस म्हणून लिहिलं होतं, तेच आता फुलांची चित्रं पाठवत होते. काइवेनने नवी चित्रफीत टाकली होती, आणि त्यात पहिलं वाक्य त्याचंच होतं: परवाची माझी चित्रफीत खोटी होती. शितौला मांसाचे दोन काप जास्त मिळाले. शियाओमानच्या पाठीवर इतके हात पडले की पाठ दुखायला लागली. प्रत्येक थापेला तिला कलिंगडाची ती फोड आठवत होती. परवाही हेच हात पडले होते.

ती सटकून मागच्या दाराने बाहेर आली. मेई काका पायरीवर बसून बिया सोलत होते. ती दोन पायऱ्या खाली उभी राहिली.

"मेई काका, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," ते म्हणाले. एक बी सोलली, तोंडात टाकली. "त्या कपाटाची काच मी रोज पुसतो. तुझा जन्म झाला, तेव्हा तुझं नाव देव्हाऱ्यापुढे मीच वाचलं होतं. मला वाटायचं, निदान पोरांना तरी मी कोण ते माहीत आहे."

तिला पळून जावंसं वाटत होतं. ती गेली नाही, पायरीवर बसली. आत टाळ्या वाजत होत्या, कुणीतरी तिचं नाव घेऊन हाका मारत होतं. मेई काका बिया सोलत राहिले, टरफलं बाजूला पडत राहिली. त्यांनी तिला एकही बी दिली नाही, आणि तिने हात पुढे केला नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी खिशात हात घातला, मूठ भरली आणि तिच्या ओंजळीत रिती केली. बिया भाजताना मीठ फार पडलं होतं. शियाओमानने एकूण एक खाल्ल्या. मग उठून झाडू आणला आणि पायरीवरची सगळी टरफलं झाडून काढली.